ईस्टर कधी, हे स्वतः कसं काढायचं

नाताळ २५ डिसेंबरला ठाण मांडून बसलेला असतो. ईस्टरचं, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाच्या सणाचं, तसं नाही. तो २२ मार्च ते २५ एप्रिल या पस्तीस तारखांपैकी कुठल्याही तारखेला येतो, आणि येताना गुड फ्रायडेची सुट्टी, गोव्याचा कार्निव्हल आणि उपवासकाळ यांनाही मागेपुढे ओढतो. उपवासकाळात कॅथलिक घरांत सहसा लग्नं धरत नाहीत, त्यामुळे वसईत किंवा गोव्यात हॉल ठरवणाऱ्यालाही ही तारीख आधी लागते. दरवर्षी कॅलेंडर छापून येण्याची वाट पाहायची गरज नाही. कागद, पेन्सिल आणि पाच मिनिटं पुरतात.

नियम एका ओळीचा आहे: २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा धरायची, आणि तिच्यानंतरचा पहिला रविवार म्हणजे ईस्टर. ‘नंतरचा’ हा शब्द अधोरेखित करून ठेवा. पौर्णिमाच रविवारी आली तर तो रविवार सोडायचा आणि पुढचा घ्यायचा. निम्म्या चुका इथेच होतात.

पौर्णिमा आली ती यहुदी वल्हांडणामुळे. वल्हांडण निसान महिन्याच्या पौर्णिमेला पडतो, येशूला क्रूसावर दिलं ते त्याच सणाच्या दिवसांत, आणि कबर रिकामी दिसली ती आठवड्याच्या पहिल्या दिवशी, म्हणजे रविवारी. चारही शुभवर्तमानं यावर एकमत आहेत. पौर्णिमेचा दिवस पाळायचा की रविवार, यावर सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळ्यांत बराच वाद झाला. इ. स. ३२५ मध्ये नायसियाच्या परिषदेने सगळ्यांनी एकाच रविवारी सण करावा असं ठरवलं. गणिताचं सूत्र मात्र परिषदेने दिलेलं नाही. ते अलेक्झांड्रियाच्या गणितींच्या कोष्टकांतून आलं, आणि ५२५ मध्ये डायोनिसियस एक्सिगुअस या मठवासीयाने ती कोष्टकं रोमसाठी पुढे वाढवली. इसवी सनाची मोजणीही त्याच कामातून निघाली.

आधी सोपा मार्ग, भिंतीवरच्या दिनदर्शिकेवरून. होळीची पौर्णिमा बघा. ती २१ मार्चच्या आधी असेल तर हनुमान जयंतीनंतरचा रविवार हा ईस्टर. ती २१ मार्चला किंवा नंतर असेल तर होळीनंतरचाच रविवार. २०२०, २०२२, २०२३ तपासून पाहा: हनुमान जयंती अनुक्रमे ८, १६ आणि ६ एप्रिलला होती, ईस्टर १२, १७ आणि ९ एप्रिलला. २०२४ साली होळी २४ मार्चला पेटली आणि ईस्टर ३१ मार्चला झाला. आदल्या वर्षीच्या अधिक श्रावणामुळे तेव्हा हनुमान जयंती पार २३ एप्रिलला गेली होती. तिच्या मागे गेलं असतं तर जवळजवळ महिन्याने चुकलं असतं.

पण या मार्गावर विसंबून हॉलचं आगाऊ भाडं भरू नका. २०२५ साली हनुमान जयंती शनिवारी, १२ एप्रिलला होती, म्हणजे ईस्टर १३ ला यायला हवा होता. तो आला २० ला. २०१९ साली तर होळीची पौर्णिमा २०-२१ मार्चच्या सांध्यावर होती. आकाशात वसंतसंपात (मार्चमधला दिवस-रात्र समान होण्याचा क्षण) होऊन गेला होता आणि चंद्र काही तासांनी पूर्ण झाला, म्हणून ईस्टर २४ मार्चला असं कोणीही म्हटलं असतं. चर्चने तो २१ एप्रिलला केला. २०२९ साली अधिक चैत्र आहे. तेव्हा ईस्टरची पौर्णिमा अधिक महिन्यात पडते आणि हनुमान जयंती पुढच्या, निज चैत्रात जाते. दिनदर्शिकेत होळी आणि हनुमान जयंती एवढ्या दोनच पौर्णिमा शोधणारा तिथे हमखास फसतो.

असं होतं कारण चर्च आकाशात बघतच नाही. वसंतसंपात प्रत्यक्षात १९, २० किंवा २१ मार्चला होवो, चर्चसाठी तो कायम २१ मार्च. चंद्रही कोष्टकातला. तो खऱ्या चंद्राच्या एखाद-दोन दिवस पुढेमागे असू शकतो. हे अडाणीपण नव्हे. खरा चंद्र धरला तर मुंबईत पौर्णिमा रविवारी आणि लिस्बनमध्ये तीच शनिवारी असं होऊ शकतं, आणि मग एकाच पंथाचे दोन ईस्टर होतात. कोष्टकातली तारीख देशागणिक बदलत नाही. आपल्याकडे दोन पंचांगांत एकादशी वेगवेगळ्या दिवशी आली की घराघरांत काय चर्चा होते ते आठवलं, की या हट्टाची सोय कळते.

आता खरं गणित. १९०० ते २१९९ या वर्षांना ते जसंच्या तसं चालतं. उदाहरणाला २०२७ घेऊ.

पहिली पायरी: वर्षाला १९ ने भागून बाकी काढा. १९ × १०६ = २०१४, म्हणून बाकी १३. फोनच्या कॅल्क्युलेटरवर भागाकार केलात तर १०६.६८४ असं काहीतरी दिसेल. ते ६८४ म्हणजे बाकी नव्हे. पूर्णांकाला १९ ने गुणून वर्षातून वजा करा.

दुसरी पायरी: बाकीला १९ ने गुणा, त्यात २४ मिळवा आणि बेरजेला ३० ने भागून पुन्हा बाकी काढा. १३ × १९ = २४७, अधिक २४ म्हणजे २७१. ३० ने भागल्यावर बाकी १.

तिसरी पायरी: ही बाकी २१ मार्चमध्ये मिळवा. २१ + १ = २२ मार्च. ही झाली चर्चची पौर्णिमा. बेरीज ३१ च्या वर गेली तर ३१ वजा करून एप्रिल म्हणा. ‘४४ मार्च’ म्हणजे १३ एप्रिल.

चौथी पायरी: त्या तारखेचा वार पाहा आणि पुढच्या रविवारी जा. २२ मार्च २०२७ सोमवार आहे, म्हणून ईस्टर २८ मार्च २०२७.

आता २०२५ चं कोडं सुटतं. बाकी ११. ११ × १९ = २०९, अधिक २४ म्हणजे २३३, बाकी २३, म्हणजे १३ एप्रिल. तो रविवार. रविवार सोडायचा, म्हणून २० एप्रिल.

दुसऱ्या पायरीत एक अपवाद आहे, आणि इंटरनेटवरची अर्धवट सूत्रं तो गाळतात. बाकी २९ आली तर २८ धरायची. बाकी २८ आली आणि पहिल्या पायरीतली बाकी १० पेक्षा मोठी असेल तर २७ धरायची. बहुतेक वर्षी याने फरक पडत नाही, पण पडतो तेव्हा पूर्ण आठवड्याचा पडतो. १९८१ साली अपवाद विसरलं तर पौर्णिमा १९ एप्रिलच्या रविवारी येते आणि ईस्टर २६ ला, जी तारीख मुळात शक्यच नाही. खरा ईस्टर १९ एप्रिलला झाला. २०४९ सालीही असंच आहे: खरी तारीख १८ एप्रिल, अपवाद गाळला तर २५. आलेलं उत्तर २२ मार्च ते २५ एप्रिलच्या बाहेर असेल तर कुठेतरी चुकलंच समजा.

हे आकडे काही जादूचे नाहीत. बारा चांद्रमास म्हणजे सुमारे ३५४ दिवस, सौर वर्ष ३६५ चं. म्हणून तीच पौर्णिमा दरवर्षी ११ दिवस आधी येते, आणि ३० च्या चक्रात ११ मागे जाणं म्हणजे १९ पुढे जाणं. १९ वर्षांत २३५ चांद्रमास जवळजवळ नेमके बसतात, म्हणजे वर्षाला बारा धरून वर सात जास्तीचे. यहुदी पंचांगही १९ वर्षांत सात अधिक महिने घालतं, आणि आपले अधिक मासही त्याच प्रमाणात येतात, फक्त ते संक्रांतींवरून ठरतात. मुस्लिम पंचांगात अधिक महिना नाही, म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकत सगळे ऋतू फिरून येतो. २४ हा आकडा मात्र कायमचा नाही. पोप ग्रेगरीने केलेल्या पंचांगाच्या सुधारणेत शतकाअखेर काही लीप दिवस गाळतात आणि चंद्रालाही अधूनमधून एक दिवस सरकवतात. १७०० ते १८९९ साठी तिथे २३ घ्यायचे, १५८३ ते १६९९ साठी २२.

ईस्टर हाती आला की बाकीचे दिवस बोटांवर. गुड फ्रायडे दोन दिवस आधी, झावळ्यांचा रविवार (पाम संडे) सात दिवस आधी. उपवासकाळ ज्या दिवशी सुरू होतो तो राखेचा बुधवार ४६ दिवस आधी. उपवास चाळीस दिवसांचा म्हणतात, मग ४६ कसे? मधले सहा रविवार उपवासात धरत नाहीत, कारण प्रत्येक रविवार पुनरुत्थानाचाच दिवस. या बुधवारी कपाळाला लावायची राख गेल्या वर्षीच्या झावळ्यांची असते. घरोघरी क्रूसामागे खोचून ठेवलेल्या, वर्षभरात पिवळ्या पडून कुरकुरीत झालेल्या झावळ्या आधीच गोळा करून जाळतात आणि राख बारीक चाळून घेतात. खडा राहिला तर कपाळाला टोचतो.

गोव्याचा कार्निव्हल या बुधवारच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो आणि मंगळवारी संपतो. २०२७ साली राखेचा बुधवार १० फेब्रुवारीला, म्हणजे कार्निव्हल ६ ते ९ फेब्रुवारी. मागे मोजताना फेब्रुवारीचे दिवस २८ की २९ ते आधी पाहा. शेवटी वार तपासा. बुधवार नसेल तर मोजणी चुकली.

पुढे मोजताना वेगळी गंमत. येशूच्या स्वर्गारोहणाचा दिवस ‘चाळिसावा’ आणि पेंटेकॉस्ट (शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला तो सण) ‘पन्नासावा’, पण ईस्टरमध्ये ४० आणि ५० मिळवलेत तर एकेक दिवस पुढे जाल. बारसं बाराव्या दिवशी धरताना जन्माचा दिवसही मोजतो, तसंच इथे. म्हणून ३९ आणि ४९ मिळवायचे. २०२७ साली ६ मे आणि १६ मे. अनेक ठिकाणी स्वर्गारोहण गुरुवारऐवजी पुढच्या रविवारी साजरं करतात, तेव्हा आपल्या पॅरिशची सूचना पाहून घ्या.

ईस्टर मार्चमध्ये आला की आणखी एक अडचण येते. देवदूताने मरियेला संदेश दिला तो सण २५ मार्चला असतो. २०२७ साली ही तारीख पवित्र गुरुवारी, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी पडते. पवित्र सप्ताहात किंवा ईस्टरच्या आठवड्यात दुसरा सण बसत नाही, म्हणून कॅथलिक पंचांगात तो ईस्टरनंतरच्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी, ५ एप्रिलला जातो.

ग्रीस, रशिया, सर्बियातल्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांचा ईस्टर काढायचा तर पायऱ्या याच, फक्त २४ ऐवजी १५ मिळवा, वरचा अपवाद विसरा, आणि आलेल्या पौर्णिमेत १३ दिवस घाला. हे तेरा दिवस जुन्या ज्युलियन आणि नव्या ग्रेगरियन पंचांगांतलं अंतर आहे. ते २०९९ पर्यंत चालतं. २०२७ साठी: २४७ + १५ = २६२, बाकी २२, म्हणजे जुना १२ एप्रिल, नवा २५ एप्रिल. तो रविवार, म्हणून २ मे. पश्चिमेच्या ईस्टरहून पाच आठवडे उशिरा. कधी दोन्ही एकत्रही येतात, जसे २०२५ साली २० एप्रिलला आणि २०२८ साली १६ एप्रिलला.

जुन्या कागदपत्रांत ईस्टरवरून तारीख लावणाऱ्यांनी कागद कोणाचा आहे ते आधी पाहावं. पोर्तुगालने नवं पंचांग १५८२ मध्येच घेतलं, ब्रिटनने १७५२ मध्ये. शिवकाळातली गोव्याची पोर्तुगीज पत्रं आणि सुरतेच्या इंग्रज वखारीची पत्रं एकाच दिवसाला दहा दिवसांच्या फरकाने तारीख घालतात. शिवाय इंग्रजांचं वर्ष तेव्हा २५ मार्चला सुरू होई, त्यामुळे त्यांच्या जानेवारी-फेब्रुवारीच्या पत्रावर सन एकाने कमी दिसतो.