लाली उतरत नाही, मग गोळी लागू पडतेय की नाही?

मी एसटीतला निवृत्त कंडक्टर. गाव चिपळूणजवळ, थोडी भातशेती. गेल्या वर्षी लावणीत पायाच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या. दरवर्षी होतात, म्हणून अंगावर काढल्या. चौथ्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला, नडगी लाल, गरम आणि टणक. डॉक्टर म्हणाले सेल्युलायटिस, म्हणजे कातडीत आणि तिच्या खाली जंतूंचा संसर्ग. आमच्याकडची जुनी माणसं धावरं म्हणतात, आणि ते धावतंच. मला साखर आहे, त्यामुळे धास्ती जास्त. 625ची अँटिबायोटिक गोळी (अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट) दिवसातून तीनदा, सात दिवस.

गोळी सुरू झाली की दर तासाला पाय बघायची खोड लागते. दर तासाला बघून काही कळत नाही. बघायचं कसं, ते सांगतो.

लालीच्या कडेवर मार्करने रेघ ओढा आणि शेजारी तारीख-वेळ लिहा. बॉलपेन केसाळ नडगीवर चालत नाही, आंघोळीत जातं. नातवाचा सीडीवर लिहायचा मार्कर टिकला. मग रोज एकदाच बघायचं, सकाळी, अंथरुणातून उठण्याआधी. संध्याकाळपर्यंत पाय खाली लोंबकळून आपोआप लाल होतो आणि सुजतो. सकाळच्या पायाशी संध्याकाळचा पाय ताडून बघितलात की उगाच घाबराल.

माझी लाली दुसऱ्या दिवशी सकाळी रेघेच्या बोटभर पुढे गेली होती. माझं धाबं दणाणलं. कपाटात बायकोच्या दाढेच्या वेळची दुसऱ्या अँटिबायोटिकची अर्धी पट्टी होती, पाठीवर ती लाल उभी रेघ असलेली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही अशी. हात तिकडे गेलाच होता, पण आधी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी विचारलं: परत हुडहुडी भरली? दुखणं वाढतंय? फोड आलेत? लघवी नीट होतेय? पहिल्या तिन्हींना मी नाही म्हणालो, लघवीला हो. तेव्हा म्हणाले, पहिल्या एक-दोन दिवसांत गोळी लागू पडत असतानाही लाली थोडी सरकते, उद्या संध्याकाळपर्यंत बघू. तुम्हीही फोनच करा. उरलेल्या पट्ट्या स्वतःच्या मनाने चालू करू नका.

तापाचं एक गणित आहे. पॅरासिटामॉल घेऊन उतरलेला ताप म्हणजे अँटिबायोटिकचा गुण नव्हे. थर्मामीटर लावायचा तो पुढची पॅरासिटामॉल घ्यायच्या आधी. मी कालनिर्णयच्या चौकटीत आकडे लिहीत होतो. 102, 101, मग तिसऱ्या दिवशी दुपारी पॅरासिटामॉल न घेता 98.8. तेव्हा पहिल्यांदा जीव भांड्यात पडला, पाय अजून लालभडकच होता तरी.

कारण पाय सगळा एकदम बरा होत नाही. आधी ताप आणि ठणका जातो. मग कड थांबते, फिकी होते. मग सूज उतरते, कातडीला सुरकुत्या पडतात, पापुद्रे निघतात. रंग सगळ्यात शेवटी. गोळ्या संपल्या तेव्हा माझी नडगी जांभळासारखी होती आणि मला आणखी गोळ्या हव्या होत्या. डॉक्टरांनी दाबून बघितलं, म्हणाले, जंतू गेले, हा डाग आहे, काही आठवडे राहील. कुणाला दिवस वाढवावेही लागतात, पण ते डॉक्टरांनी पायाला हात लावून ठरवायचं.

दिवसातून तीनदा म्हणजे साधारण आठ-आठ तासांनी. मी सहा, दोन, दहा असं ठेवलं, ड्युटीसारखं. ही गोळी जेवणाच्या सुरुवातीला किंवा काहीतरी खाऊन घेतली की पोटाला कमी त्रास देते. एखादी चुकली तर पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत. आणि पाय वर. नुसता स्टुलावर नाही. आडवं पडून छातीपेक्षा वर, दोन उशा. सूज उतरली ती निम्मी यानेच, असं माझं मत.

शेजारणीने गेरूचा लेप सांगितला. नको. लेपाखाली लाली दिसतच नाही, मग रेघ कशाला ओढली?

दोन-तीन दिवस पूर्ण गोळ्या घेऊनही ताप तसाच असेल किंवा कड पुढेच जात असेल, तर डॉक्टरांकडे जा. कदाचित आत पू साठला असेल, कदाचित जंतू त्या गोळीला दाद देत नसेल. पण दिसतंय त्याच्या मानाने दुखणं भयंकर असेल, कातडी काळी-निळी किंवा बधिर पडली, फोड आले, लाली तासातासाला पळू लागली, माणूस बरळायला लागला, धाप लागली किंवा लघवी कमी झाली, तर रात्री दोन वाजताही दवाखाना गाठायचा. गोळीनंतर अंगावर गांध्या आल्या, ओठ-चेहरा सुजला तरीही तेच.

पाय बरा झाल्यावर चिखल्यांचं बघा, जंतू शिरले ते तिथूनच. गमबूट लावणीत रुततात, त्यांचा उपयोग नाही. मी आता शेतावरून आलो की पाय धुतो, प्रत्येक बेचकी जुन्या धोतराच्या फडक्याने कोरडी करतो आणि डॉक्टरांनी दिलेलं बुरशीचं मलम लावतो.