जुन्या घाटाचं लाकडी पुस्तकांचं कपाट घेताय? या चुका टाळा

माझ्या पहिल्या कपाटाला वर कोरीव महिरप होती, पितळी कड्या होत्या आणि पॉलिश असं की चेहरा दिसावा. दोन वर्षांनी त्याच्या मधल्या फळीवर पेन्सिल आडवी टाकली की ती आपोआप घरंगळत मध्यावर यायची. घेताना मी महिरपच बघत बसलो होतो. फळीची जाडी मोजायचं डोक्यातही आलं नव्हतं.

पुस्तकं किती जड असतात हे घर बदलताना खोकी उचलली की कळतं. एक मीटर फळी साध्या पुस्तकांनी भरली तरी तिच्यावर साधारण 20 ते 30 किलो भार येतो. शब्दकोश, चित्रांची जाडजूड पुस्तकं असतील तर त्याहून जास्त. आणि इथेच सगळ्यात महागात पडणारी चूक होते. ऐसपैस दिसतात म्हणून लांब फळ्यांचं कपाट पसंत केलं जातं. पण त्याच जाडीची फळी 60 ऐवजी 90 सेंटीमीटर केली, की पूर्ण भरल्यावर तिचा बाक दीडपट नव्हे, जवळजवळ पाचपट होतो. उलट जाडी 18 वरून 25 मिलिमीटरवर नेली तर बाक निम्म्याहूनही कमी. तेव्हा दुकानात टेप घेऊन जा, लाजू नका. अस्सल लाकडाची 18-20 मिलिमीटरची फळी असेल तर दोन आधारांमधलं अंतर 75 सेंटीमीटरच्या आत असावं. भुशाच्या बोर्डाला तेवढंही झेपत नाही. शिवाय तो एकदा वाकून थांबत नाही, ओझ्याखाली वर्षानुवर्षं वाकतच राहतो.

‘सगळं सागवानच आहे’ या वाक्यावर डोळे मिटून विश्वास ठेवणं ही दुसरी चूक. फळी बाहेर काढायला सांगा आणि तिचं कापलेलं टोक बघा. अस्सल लाकडात वरच्या रेषा टोकाशी येऊन वलयांच्या तुकड्यांना मिळतात. व्हिनियर, म्हणजे वरून चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा, असेल तर कडेला पातळ सांधा दिसतो आणि रेषांचा मेळ बसत नाही. व्हिनियर वाईटच असतं असं मात्र नाही, चांगल्या प्लायवर बसवलेलं उत्तम टिकतं. फक्त पैसे अस्सल लाकडाचे मोजू नका. खालच्या अंगाला फिकट पट्टे दिसले तर ते बहुधा गाभ्याबाहेरचं लाकूड असतं, किड्याचं आवडतं. बारीक भोकांखाली पिठासारखी ताजी पूड पडलेली दिसली तर सरळ पुढच्या दुकानात जा.

आता कपाट भिंतीपासून ओढून पाठ बघा. दुकानदाराला हे आवडत नाही, म्हणून तर बघायचं. पातळ हार्डबोर्ड नुसत्या पिनांनी ठोकलेला असेल, तर वरच्या कोपऱ्याला बाजूने हात लावून हलकेच ढकला. चौकट समांतरभुज होऊ लागली की समजा, सांधे पुस्तकांच्या भरवशावर उभे आहेत. फळी उभ्या बाजूत खाच पाडून बसवलेली हवी. बोर्डात नुसता स्क्रू पिळलेला असला तर भोक हळूहळू भुगा होऊन सैल पडतं.

जुन्या पद्धतीच्या चौकटीत बसवलेलं पॅनेल बोटाने दाबल्यावर किंचित हललं, तर बरेच जण ‘सैल आहे’ म्हणून सुताराला गोंद भरायला लावतात. असं करू नका. लाकूड दमट हवेत रुंदीला फुगतं, कोरड्यात आकसतं. लांबीत मात्र जवळजवळ काहीच फरक पडत नाही. त्या फुगण्या-आकसण्यासाठीच खाचेत जागा सोडलेली असते. ती गोंदाने बंद केली की पुढच्या कोरड्या दिवसांत पॅनेल मधोमध तडकतं.

कोरीव काम नखाने हळूच तपासा. बरंचसं वेगळं ओतून वर चिकटवलेलं असतं. ते चिकटवलेलं आहे म्हणून कपाट नाकारायचं कारण नाही, पण किंमत मात्र कोरीव कामाची देऊ नका.

घरी आधीच वाकलेली फळी असेल तर ती सुटी आहे का बघा. उलटी करून बसवली की काही काळ सरळ होते. जास्त टिकाऊ उपाय म्हणजे पुढच्या कडेखाली 40 मिलिमीटर उंचीची लाकडी पट्टी गोंद आणि स्क्रूने जोडणं, किंवा मध्ये एक उभी फळी देणं. मात्र त्या आधाराचा भार थेट तळापर्यंत जायला हवा, म्हणजे प्रत्येक खणात तो एकाखाली एक यायला हवा. नाहीतर वरची फळी सरळ होते आणि तिचा बाक खालच्या फळीला जातो. माझ्या कपाटात नेमकं तेच झालं होतं.