आई-बाबांना कॅनडात बोलावताय आणि लग्न घरी सांगितलेलं नाही? मग या चुका टाळा

साधारण फेब्रुवारी उजाडला की मला फोन सुरू होतात. कधी तासगावचा मुलगा, कधी कराडची मुलगी. कुणाच्या तरी ओळखीतून नंबर मिळालेला असतो. सुरुवात ठरलेली: "दादा, उन्हाळ्यात आई-बाबांना बोलवायचंय, पण आमचं लग्न झालंय हे त्यांना माहीत नाही. काय करू?" व्हिसाचं कुठवर आलंय म्हणून विचारलं की उत्तर येतं, "अजून अर्ज नाही केला, पण तिकिटं काढून ठेवलीत. स्वस्तात मिळाली."

व्हिसाच्या आधी तिकीट काढणाऱ्याला काय सांगणार, कप्पाळ!

मी सांगलीचा, विश्रामबागेत वाढलेला. आता मिसिसागाला असतो. माझं लग्न एका पुरुषाशी झालंय, इथल्या कायद्यानं. कॅनडाभर ही सोय २० जुलै २००५ पासून आहे. आपल्याकडे सुप्रीम कोर्टानं १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात अशा लग्नाला मान्यता दिली नाही, तो विषय संसदेवर सोडला. म्हणजे इकडच्या कागदांवर मी संसारी आणि तिकडच्या कागदांवर अजून लग्नाचा. घरी सांगावं की नाही, यावर मी कुणाला सल्ला देत नाही. ज्याचं घर त्याला ठाऊक. पण सांगायचं नाही असं ठरवल्यावर लोक जे घोळ घालतात ते वर्षानुवर्षं तेच आहेत, आणि त्यातले निम्मे मी स्वतः घालून बसलोय.

फॉर्मवर "सिंगल" ठोकून देणं

ही सगळ्यात महागडी चूक, म्हणून हिच्यावर जरा जास्त बोलतो.

कॅनडाच्या व्हिसासाठी आई-बाबांना कुटुंबाच्या माहितीचा एक फॉर्म भरावा लागतो, आयएमएम ५६४५. त्यात अर्जदाराच्या प्रत्येक मुलाचं नाव, जन्मतारीख, पत्ता, कामधंदा आणि वैवाहिक स्थिती विचारलेली असते. नीट वाचा: तुमची वैवाहिक स्थिती, तुमच्या बापाच्या फॉर्ममध्ये, आणि खाली सही त्यांची. बहुतेकांना हा कॉलम आहे हेच माहीत नसतं, कारण फॉर्म एजंट भरतो आणि एजंटाचं एकच पालुपद असतं, "सिंगल टाका हो, कोण बघतंय!"

बघतात. सुपर व्हिसाचं उदाहरण घ्या. आई-वडिलांना एका वेळी ५ वर्षांपर्यंत राहता येतं, म्हणून सगळ्यांना तोच हवा असतो. त्यासाठी तुम्ही जे निमंत्रणपत्र देता त्यात तुमच्या घरात कोण कोण राहतं, एकूण किती जण, हे लिहावं लागतं. तुमचं उत्पन्न पुरेसं आहे का हेसुद्धा त्या माणसांच्या आकड्यावर ठरतं. मी, नवरा, आई, बाबा मिळून चार. नवरा गाळला की तीन, आणि तीन माणसांना उत्पन्नाची अट कमी. म्हणजे तुम्ही नुसतं गप्प राहिला नाहीत, तर स्वतःच्या फायद्याचा आकडा मांडलात, असा अर्थ निघतो. खोटी माहिती दिली असं ठरलं तर अर्जदारावर ५ वर्षांची बंदी येते. अर्जदार कोण? तुम्ही नाही. सत्तरीतले आई-बाबा.

आता माझं ऐका. पहिल्या वेळी मी निमंत्रणपत्रात खरं लिहिलं, घरात दोघं, मी आणि माझा नवरा. बाकीचे फॉर्म सांगलीतल्या एका एजंटाकडे दिले. मला वाटलं, पत्र मी थेट एजंटाला पाठवलंय, बाबा कशाला बघतायत. एजंटानं सवयीप्रमाणे बाबांच्या फॉर्ममध्ये मला सिंगल केलं आणि अर्जावर ईमेल बाबांचाच टाकला. दीड महिन्यानं व्हिसा ऑफिसचं पत्र आलं. तुमच्या मुलाच्या पत्रात त्याचा जोडीदार घरात राहतो असं आहे, तुमच्या फॉर्ममध्ये मुलगा अविवाहित आहे, दहा दिवसांत खुलासा करा. जोडीदाराचं नाव लिहिलेलं, लिंगासकट.

आमचे बाबा साखर कारखान्यात अकाउंटला होते. आयुष्यात कागद वाचल्याशिवाय सही केली नाही, पण या वेळी केली होती, मुलानं पाठवलेत म्हणून. पत्र आल्यावर ते आठ दिवस काही बोलले नाहीत. रोजचा फोन व्हायचा. पाऊसपाणी, कृष्णेची पातळी, आयर्विन पुलापाशी किती फूट झालं, सगळं बोलणं व्हायचं. नवव्या दिवशी म्हणाले, "त्या पत्राला उत्तर द्यायचं ऱ्हायलंय की. मुदत उद्या संपतीय."

मी म्हटलं, कुठलं पत्र?

"प्रिंट काढलीय मी. मिरजेला जाऊन काढली. आपल्या कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याला इंग्रजी येतं."

हे वाक्य मी अजून पचवतोय. माणसानं पत्र वाचलं, घरात कुणाला बोलला नाही, आणि आपलं नाव गावात होऊ नये म्हणून बस धरून मिरजेला गेला. मग शांतपणे मला सांगितलं, चूक आपली आहे, खाडाखोड न करता सरळ लिहून टाक. रात्री बसून खुलासा लिहिला. बंदी टळली, पण व्हिसा नाकारला. पुढच्या वर्षी सगळं पहिल्यापासून, खरं लिहून, पुन्हा फी भरून.

तेव्हापासून माझी सवय अशी: फॉर्म मी व्हिडिओ कॉलवर भरतो, ज्याचा अर्ज आहे त्याला एकेक ओळ वाचून दाखवून, आणि तो वैवाहिक स्थितीचा कॉलमही त्यात आला. पोरं म्हणतात, मग गुपित कुठं राहिलं? नाहीच राहत. निदान एकाला तरी माहीत होणारच. तो कॉलम वाचून दाखवायची तयारी नसेल तर या वर्षी त्यांना बोलावू नका, दिवाळीला तुम्ही सांगलीला जा. तेवढा खर्च परवडतो. "सुपर व्हिसा नको, साधा व्हिजिटर काढला तर?" असं विचारणारेही असतात. साध्या व्हिसाला विम्याची सक्ती नाही, तेवढी कटकट वाचते, पण हा कॉलम तिथूनही सुटत नाही.

अमेरिकेत असाल तर थोडं सोपं आहे. तिथल्या व्हिसाच्या डीएस-१६० फॉर्ममध्ये मुलगा तिथं कुठल्या स्टेटसवर आहे हे विचारतात, त्याच्या लग्नाचा रकाना नाही. मुलाखतीत मात्र तोंडी विचारू शकतात, "मुलगा मॅरीड आहे का?" आई-बाबांना जे माहीत आहे तेच ते सांगतील. माहीत असूनही "नाही" म्हणायला त्यांना शिकवलंत तर तुमच्यासारखे करंटे तुम्हीच.

घरात भिंतीवरचा फोटो काढून ठेवणं ही एक गोष्ट, फॉर्मवर खोटं लिहिणं ही दुसरी. पहिलं मी केलंय, हवं तर पुन्हा करीन. दुसरं नाही.

बारीकसारीक, पण रोजच्या

"पार्टनर" हा शब्द वापरू नका. सांगलीत पार्टनर म्हणजे बेदाण्याच्या नाहीतर हळदीच्या धंद्यातला भागीदार. माझ्या मामाला दोन वर्षं वाटत होतं की मी कुठली तरी फर्म काढलीय. जीएसटी किती पडतो म्हणून विचारायचा.

सुपर व्हिसाची वैद्यकीय तपासणी कॅनडा सरकारच्या यादीतल्या ठरलेल्या डॉक्टरकडेच (पॅनेल डॉक्टर) होते. मिरजेतल्या ओळखीच्या डॉक्टरांचं सर्टिफिकेट कितीही भारी असलं तरी चालत नाही.

बोटांचे ठसे द्यायला पुण्याला जावं लागतं. त्याच दिवशी हडपसरच्या मावशीकडे जेवण ठरवू नका. मावशी खोदून खोदून विचारते.

सुपर व्हिसाला निदान १ लाख कॅनेडियन डॉलरचा आणि किमान वर्षभराचा आरोग्यविमा लागतो. त्याच्या कागदावर अडीअडचणीला फोन करायचा दुसरा नंबर नवऱ्याचाच द्या. मी ऑफिसात असताना घरी कोण असतं? तोच.

विमानतळावरच्या अधिकाऱ्यासाठी पाठांतर करून घेऊ नका. घोकलेलं उत्तर पहिल्याच उलट प्रश्नाला सांडतं. कुणाकडे आलात, किती दिवस, परतीचं तिकीट कुठंय, एवढं त्यांना येतंच. व्हीलचेअर मात्र आधी सांगून ठेवा. चालता येत असलं तरी. वाट दाखवायला माणूस मिळतो.

टीव्ही. बंद नसला की तो आपोआप फोनमधले जुने फोटो दाखवायला लागतो. आमच्याकडे चहाच्या वेळी, बाबा समोर बसलेले असताना, नायगाऱ्याला काढलेले लग्नाचे फोटो एकामागून एक. बाबांनी चष्मा सारखा केला आणि म्हणाले, "धबधबा भारी हाय."

मराठी मंडळात पहिल्याच आठवड्यात नेऊ नका. शेजारचे गोरे काही बोलत नाहीत, बोलले तरी आईला कळत नाही. मंडळातल्या काकू बोलतात, आणि शुद्ध मराठीत बोलतात.

आणि पहिल्या खेपेला सहा महिने कशाला? पाच आठवडे पुष्कळ झाले. एवढी घाई असलेल्या पोरांना कितीदा सांगायचं, पाचव्या आठवड्यानंतर आईला घरची वेल, बाबांना पेपर आणि तुम्हाला तुमचा पलंग आठवायला लागतो.

नवऱ्याला घराबाहेर काढणं

हा दुसरा मोठा गाढवपणा, आणि सगळेजण तो मोठ्या समजूतदारपणानं करतात. "तो सहा आठवडे मित्राकडे राहील, काही प्रश्न नाही." मीही केलं. बाबांना कळलं होतं, आईला नव्हतं. बाबा म्हणाले, "तिला आपण तिथं गेल्यावर बघू." मी त्याचा अर्थ असा लावला की तिला काहीच दिसता कामा नये. नवरा बिचारा दोन बॅगा भरून बहिणीकडे हॅमिल्टनला गेला. जाताना फक्त एवढंच म्हणाला की कुंड्यांना पाणी घाल.

आता हे लक्षात ठेवा: भारतातून आलेला माणूस पहिला आठवडा पहाटे तीनला टक्क जागा असतो. आणि पहाटे तीनला जागी झालेली आई काय करते? आवरते. तुम्ही लपवलेली प्रत्येक वस्तू तिच्या हाताखालून जाते. मी अल्बम लपवला, टूथब्रश लपवला, अंगठी काढून ठेवली. कपाट विसरलो.

चौथ्या दिवशी उठून बाहेर आलो तर आईनं ड्रायरमधले आणि कपाटातले सगळे कपडे जमिनीवर काढून दोन ढीग लावले होते. एका ढिगात माझे चाळीस नंबरचे शर्ट, दुसऱ्यात चव्वेचाळीसचे. बनियनसुद्धा वेगळे केलेले. मोजे जोडी लावून गुंडाळलेले.

"हे तुझे न्हवंत," चव्वेचाळीसच्या ढिगावर हात ठेवून म्हणाली.

"इथं राहतो त्याचे," मी म्हटलं.

"मग तो कुठाय?"

"बहिणीकडे गेलाय. तुम्ही आलात ना, जागा..."

आईनं माझ्याकडे असं बघितलं की मी आठवीत नापास झालो होतो तेव्हाही बघितलं नव्हतं. "आमी आलो म्हणून त्याला घरातनं काढलास व्हय रं? त्येच्याच घरातनं?" मग तिनं दुसऱ्या ढिगातला एक शर्ट उचलला, बटण तुटलेलं होतं, आणि माझ्याकडे सुई-दोरा मागितला. माझ्या घरात सुई-दोरा कुठं असतो ते मलाच माहीत नव्हतं. नवऱ्याला फोन करून विचारावं लागलं. फोन स्पीकरवर होता. स्वयंपाकघरातला डावीकडचा तिसरा ड्रॉवर, निळा डबा.

रविवारी तो जेवायला आला आणि परत गेला नाही. आईनं त्याच्यासाठी अळूची भाजी केली, त्यानं दोनदा घेतली. तिला नक्की किती कळलंय ते मला आजही माहीत नाही. तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही, आणि बाबा तेवढ्यापुरते कायम पेपरात असतात.

तेव्हा फोन करणाऱ्यांना मी सांगतो: नवरा घरातच राहू दे. खोली वेगळी करा हवी तर, दोन बेडरूम असतील तर तेवढं कुणाला खटकत नाही. पण नाव काय, काम काय, कुठला, आई कुठं असते, हे सगळं खरं सांगा. "रूममेट आहे, महिन्याभरात जाणारे" असलं काही जोडू नका. पुढच्या वेळी तो तिथंच दिसला की हे कितवं घर सोडतोय म्हणून प्रश्न येतो. लोक म्हणतात, पण त्यांना संशय आला तर? येऊ दे की. घरातल्या माणसाला लपवलं हे त्या संशयापेक्षा जास्त लागतं, हे मी त्या दोन ढिगांपाशी बसून शिकलो.

आणि हो, एक राहिलं. येताना आणलेलं खाणं विमानतळावर न विसरता जाहीर करायला सांगा. चटणी, मसाला, लाडू, सगळं. लपवलं आणि सापडलं तर दंड होतो. दुसऱ्या खेपेला आईनं यादीच करून आणली होती. हळद, कांदा-लसूण मसाला, शेंगदाण्याची चटणी, आणि भडंगाची दोन पाकिटं. एकावर स्केचपेननं लिहिलेलं होतं, "कमी तिखट". आमच्या घरात कमी तिखट कुणीच खात नाही.