खाडीवरच्या रोहितांसाठी झूम लेन्स घेताना

ठाणे खाडीकाठच्या ऐरोलीत राहते म्हटल्यावर दर हिवाळ्यात कुणी ना कुणी विचारतंच, "ताई, फ्लेमिंगोंसाठी कुठली लेन्स घेऊ?" मी आधी विचारते, "फोटो कुठून काढणार?" नेरूळच्या डीपीएस तलावाच्या काठावर उभं राहून, की ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून सुटणाऱ्या बोटीत बसून? हे ठरल्याशिवाय मिलिमीटरची चर्चा पुढे नेऊ नका.

एक हिशोब वहीत करून बघा. पक्ष्याची उंची गुणिले फोकल लेंथ (लेन्सवर लिहिलेला मिलिमीटरचा आकडा), भागिले अंतर. आपल्या खाडीत जास्त दिसणारा लहान जातीचा रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, धरा ९० सेंटिमीटर उंच, आणि तो ६० मीटरवर उभा आहे. ३०० मिलिमीटरच्या लेन्सने सेन्सरवर त्याची उंची येते साडेचार मिलिमीटर. नेहमीच्या एपीएस-सी (लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण १५ मिलिमीटर उंच असतो, म्हणजे पक्षी चौकटीच्या तिसऱ्या हिश्श्याइतका. थव्याच्या फोटोला हे भरपूर झालं. चोचीचा वाक आणि डोळा हवा असेल तर ४०० ते ६०० लागते. दुकानात सांगतात, "तुमच्या कॅमेऱ्यावर ३००ची ४५० होते." तसं काही होत नाही. लेन्स तीच राहते, सेन्सर लहान असल्यामुळे कडेचा भाग कापला जातो, एवढंच.

मग सरळ १५०-६०० घ्यावी असं वाटतं, पण ती जवळजवळ दोन किलोची असते. निकॉनची २००-५०० त्याहून जड. तलावाच्या काठावर ट्रायपॉड किंवा मोनोपॉड लावता येतो, तिथे चालून जाईल. बोटीत ट्रायपॉड कामाचा नाही, इंजिनाची थरथर थेट कॅमेऱ्यात चढते. मी एकदा मैत्रिणीची मोठी लेन्स घेऊन बसले होते. विसाव्या मिनिटाला उजवा खांदा भरून आला आणि नेमका तेव्हाच थवा उठला. शिवाय बोट जवळ गेली की १५० सुद्धा जास्त होतं, पंख चौकटीबाहेर जातात. म्हणून हातात धरून काढायचं असेल तर १००-४०० घ्या, असं मी ठामपणे सांगते. सिग्मा आणि टॅमरॉनच्या या लेन्स सव्वा किलोच्या आत आहेत. बजेट कमी असेल तर कॅननची ५५-२५० एसटीएम पावणेचारशे ग्रॅमची आहे, तिनेही सुंदर थवे मिळतात.

लेन्सवर आयएस (कॅनन) किंवा व्हीआर (निकॉन) ही कंप सावरणाऱ्या सोयीची अक्षरं आहेत का ते डोळ्यांनी वाचा. कॅननच्या ७५-३००मध्ये ही सोय नाही. निकॉनची एपीएस-सी कॅमेऱ्यांसाठीची एएफ-पी ७०-३०० दोन प्रकारांत येते, व्हीआर असलेली आणि नसलेली, आणि दिसायला दोन्ही सारख्याच. त्यात एएफ-पी लेन्स निकॉनच्या डी३२००, डी५१०० अशा जुन्या बॉडीवर (लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यावर) फोकसच करत नाही, तेव्हा बॉडी सोबत घेऊनच दुकानात जा. आणि हे लक्षात असू द्या की ही सोय तुमच्या हाताचा कंप सावरते, उडणारा पक्षी थांबवत नाही. त्यासाठी शटर १/१००० सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवावं लागतं. पहाटे एफ ६.३ वर (प्रकाश आत घेणाऱ्या छिद्राचा आकडा) हे जमवायचं तर आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाश टिपण्याची क्षमता, वाढवावा लागतो. वाढवा. थोडे दाणे आलेला फोटो चालतो, हललेला चालत नाही.

फोर्टच्या बोरा बाजारात गेलात तर लेन्स बॉडीला लावून दारात उभे राहा. झूम शेवटपर्यंत न्या, समोरच्या गाडीची नंबरप्लेट टिपा आणि स्क्रीनवर मोठी करून बघा. मग दोन मिनिटं कॅमेरा डोळ्याला लावून तसेच थांबा. हात काय म्हणतो ते कळेल.

जुनी लेन्स घेणार असाल तर टॉर्च न्यायला विसरू नका. माझी पहिली ७०-३०० मी एका दुकानातून नुसती वरून पुसलेली काच बघून घेतली. घरी मागून टॉर्च मारला, तर आतल्या काचेच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे. बुरशी! उन्हाकडे तोंड केलं की फोटोवर पांढुरकी साय धरायची. तेव्हा पुढून, मागून, तिरका असा टॉर्च मारून बघा, आणि झूमची रिंग फिरवताना कुठे अडकते का तेही बघा.

भरतीचं वेळापत्रक बघून निघा. खाडीतला चिखल पाण्याखाली गेला की रोहित डीपीएस तलावाकडे सरकतात आणि ६० मीटरचे ३० होतात. तेवढ्यानेच ३००ची लेन्स ६००चं काम करते. ऊन चढल्यावर मात्र चिखलावरची हवा थरथरायला लागते, आणि मग कितीही महागडी लेन्स असली तरी कडा धूसरच येतात.

घरी आल्यावर लेन्स कापडी बॅगेत ठेवू नका. घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राहिला पाहिजे. आमच्याकडे जुलैत जेलच्या पुड्या दर आठवड्याला बदलाव्या लागतात.