संगीतकाराच्या नावावरून नवा गायक शोधा

जपानी-कोरियन गाण्यांत ॲप सुचवेल तेच ऐकत राहिलं की आपण फिरून त्याच चार ग्रुपांवर येतो. त्यापेक्षा आवडलेलं गाणं कुणी केलंय ते बघा. स्पॉटिफायवर गाण्याशेजारच्या तीन टिंबांवर दाबलं की श्रेयनामावली मिळते. योआसोबी ही जपानी जोडी आवडते? त्यांची गाणी करणारा आयासे स्वतःही गातो, आणि गायिका इकुरा ही 'लिलास इकुता' या नावाने वेगळी गाणी काढते. तीही जरूर ऐका, फार गोड आवाज आहे!

आवाज पारखायला यूट्यूबवर 'द फर्स्ट टेक' उत्तम. २०१९ पासून जपानी गायक तिथे पांढऱ्या पार्श्वभूमीवर, माइकसमोर एकाच टेकमध्ये गातात. श्वास घेतलेलासुद्धा ऐकू येतो. कोरियनसाठी डिंगो म्युझिकचं 'किलिंग व्हॉइस' बघा: एकाच बैठकीत कलाकाराची गाजलेली गाणी कळतात.

नाव आवडलं की लगेच फॉलो करा, नंतर स्पेलिंग आठवत नाही.