काटा ताटाला नाही, पळीला लावा: खानावळीत पोर्शन कसा सांभाळायचा

आमची परळला छोटी खानावळ आहे, दुपारी दोनशेच्या आसपास ताटं जातात. तांदूळ दर महिन्याला वीस तारखेलाच संपायचा आणि मी आपला वाण्यावर संशय घेत बसायचो. एकदा सहज म्हणून वाढलेल्या दहा ताटांतला भात काट्यावर ठेवून बघितला तर कुठे 140 ग्रॅम, कुठे 210. ठरलेला 150. ताटामागे सरासरी 40 ग्रॅम जास्त धरले तरी दोनशे ताटांचा 8 किलो भात झाला, म्हणजे रोज जवळजवळ 3 किलो तांदूळ, जो कोणी मागितलाच नव्हता आणि त्यातला बराचसा खरकट्यात जात होता. वाण्याची मनातल्या मनात माफी मागितली.

तर आधी काटा. 5 किलोपर्यंतचा आणि 1 ग्रॅमचा फरक दाखवणारा डिजिटल काटा वाढपाला पुरतो. पातेली मोजायला मोठा वेगळा घ्या, कंजुषी नको, कारण छोट्यावर भरलेला टोप ठेवला की आतला लोड सेल, म्हणजे वजन ओळखणारा भाग, कायमचा बिघडू शकतो. आमच्या पहिल्या काट्यावर पोराने भाताचा टोप टेकवला, त्यानंतर तो रिकामा असताना पण 30 ग्रॅम दाखवायचा आणि आम्ही आठवडाभर तसंच मोजत होतो!

काटा ठेवायचा कुठे हे कोणी सांगत नाही. पंख्याखाली नको, वाऱ्याने आकडा नाचतो. शेगडीजवळ नको, वाफ आणि उष्णता दोन्ही बाधतात, त्यात मुंबईचा पावसाळा. ओटा सपाट हवा, काट्याला सपाटी दाखवणारा बुडबुडा असेल तर तो मधोमध आणा. वरून प्लास्टिक घातलंत तर चालेल, पण घातल्यावर टेअरचं बटण दाबून शून्य करा. गरम भांडं थेट ठेवू नका, खाली लाकडी पाट ठेवून मग शून्य करा.

सकाळी दुकान उघडलं की शिक्का मारलेलं 1 किलोचं वजन काट्याच्या मधोमध ठेवून बघायचं, मग चारही कोपऱ्यांत. आकडा बदलला तर काटा दुरुस्तीला. मिठाच्या पुड्याने तपासू नका, त्यावर छापलेल्या वजनात पिशवीचं वजन धरलेलं नसतं.

आता मुख्य काम. गर्दीच्या वेळी प्रत्येक ताट मोजायला गेलात तर रांग रस्त्यावर येईल आणि गिऱ्हाईक पण म्हणेल काय हा चिकूपणा. म्हणून काट्याने पळी ठरवायची. भाजीचं पातेलं मोठ्या काट्यावर ठेवा, टेअर दाबा, आता एक पळी भाजी काढून ताटात घाला. काट्यावर उणे 95 आलं म्हणजे ताटात 95 ग्रॅम गेली. असं दहा वेळा करा, वाढणारा माणूस बदलून पण करा. एका पळीत जास्त जात असेल तर छोटी पळी आणा, पायधुणीजवळ तांबाकाट्याला सगळ्या मापाच्या पळ्या, डाव, वाट्या मिळतात. भाताला मूद पाडायची वाटी सगळ्यात बेस्ट, दाबून भरायची नाही एवढंच.

आमच्या मावशी पहिल्यांदा चिडल्या होत्या. "दादा, माणूस पोटभर जेवला पाहिजे, सोनाराचं दुकान आहे का हे?" मी म्हटलं मावशी, मागेल त्याला परत वाढा, पण पहिल्यांदा सगळ्यांना सारखंच. ते मात्र त्यांना पटलं, कारण शेजारच्या ताटात जास्त दिसलं की बोलणी त्यांनाच खावी लागायची.

चपातीचे पहिले पाच उंडे मोजा, आमचा 40 ग्रॅमचा असतो, पुढे हाताला सवय होते. पनीरवर मात्र डोळा ठेवा. ताटामागे 15 ग्रॅम जास्त गेलं आणि 80 प्लेट विकल्या तर 1 किलो 200 ग्रॅम पनीर उडालं, किलोला 400 रुपये धरले तर दिवसाचे 480. त्यामुळे पनीरचे तुकडे आणि मिसळीचं फरसाण ग्रेव्हीत किंवा रश्शात पडायच्या आधीच मोजायचं. आणि वहीत कच्चं की शिजलेलं ते लिहाच, मटण शिजून आटतं, तांदूळ फुगून अडीच-तीन पट होतो, दोन्ही आकडे एकत्र केलेत की हिशोबाची खिचडी.

श्रीखंड, सुकी भाजी असं काही वजनावर विकत असाल तर त्या काट्याला वैधमापन खात्याचा, म्हणजे वजनं-मापं तपासणाऱ्या सरकारी खात्याचा शिक्का लागतो, इलेक्ट्रॉनिक काट्याचा दरवर्षी नव्याने. डब्याचं वजन मालात धरायचं नाही.

पार्सलला पण काटा लावतो आम्ही. डबे आणि पिशवी धरून पूर्ण थाळीचं वजन किती भरतं ते भिंतीवर लिहून ठेवलंय. पिशवी बांधायच्या आधी काट्यावर ठेवायची, दीड-पावणेदोनशे ग्रॅम कमी दिसले की समजायचं आमटीचा डबा ओट्यावरच राहिलाय.