फ्रीजवाल्याला फोन करण्याआधी

सकाळी घेतलेलं दूध संध्याकाळी नासायला लागलं की घरातलं कोणीतरी लगेच निकाल देतं, "गॅस गेला!" मेकॅनिक आला की तोही बऱ्याचदा तेच म्हणतो आणि हजारांत बिल होतं. पण फ्रीजचा गॅस हा काही सिलिंडरचा गॅस नव्हे, तो वापरून संपत नाही. बंद नळीत तोच तो फिरत असतो. कमी झालाच असेल, तर कुठेतरी गळती आहे. म्हणून बोलावण्याआधी घरातच थोडी तपासणी उरकून ठेवा.

पहिलं काम मोजायचं. हात लावून "गार आहे की" म्हणण्यात अर्थ नाही. भांड्यांच्या किंवा ऑनलाइन दुकानात मिळणारा फ्रीजचा थर्मामीटर आणा. तापाचा चालत नाही, तो मुळात 35 अंशांच्या आसपासच सुरू होतो. मधल्या फळीवर पेलाभर पाण्यात रात्रभर तो ठेवा आणि सकाळी चहाचं दूध काढण्याआधी बघा. 3 ते 5 अंश सेल्सियस आला तर फ्रीज ठीक आहे, दुधाचं कारण दुसरीकडे शोधा. 5 च्या वर असेल तर पुढे वाचा.

आता गारवा कमी-जास्त करायचा नॉब कुठे आहे ते बघा. हिवाळ्यात कमी केलेला तो एप्रिल उजाडला तरी तसाच राहतो. टचपॅडवाल्या फ्रीजमध्ये दुकानातला डेमो मोड चुकून सुरू झालेला असतो. दिवा लागतो, आकडे दिसतात, गारवा मात्र नाही. दार बंद केल्यावर आतला दिवा विझतो का, हेही बघायचं. मोबाइलचं रेकॉर्डिंग सुरू करून तो आत ठेवा आणि दार लावा, लगेच कळतं.

दाराच्या कडेच्या रबराकडे मात्र जरा निवांत लक्ष द्या. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात त्याच्या घड्यांत काळी बुरशी धरते, खाली सांडलेलं दूध चिकटून बसतं आणि रबर नीट टेकत नाही. दहाची नोट दारात धरून दार लावा नि ओढा. सहज सुटून आली तर तिथून गारवा बाहेर जातोय. चारही बाजूंना करून बघा. साबणाच्या कोमट पाण्याने पुसून बरेचदा काम भागतं, नाहीतर रबर बदलावं लागतं, आणि ते गॅसपेक्षा बरंच स्वस्त असतं.

मग फ्रीज भिंतीपासून ओढा. पेठेतल्या जुन्या घरांत तो कोनाड्यातच ठोकून बसवलेला असतो, मागे वारा खेळत नाही. चार-सहा इंच जागा हवी. मागे आतली उष्णता बाहेर टाकणारी काळी जाळी असेल तर प्लग काढून ब्रशने धूळ झाडा. जाळी दिसत नसेल तर ती बाजूच्या पत्र्यामागे असते, पत्रा कोमट लागणं बरोबरच आहे.

आत काय भरलंय? रविवारचा उरलेला रस्सा पातेल्यासकट गरम गरम आत ढकलला तर सोमवारी सकाळपर्यंत फ्रीज त्याच्याशीच झुंजत असतो. वाटीवाटीने काढा, निवू द्या, मग ठेवा. मागच्या भिंतीतली वाऱ्याची छिद्रं पिशव्यांनी झाकलेली नसावीत.

फ्रीजर कडक आणि खालचा भाग कोमट असेल, तर फ्रॉस्ट फ्री (बर्फ आपोआप वितळवणाऱ्या) फ्रीजमध्ये पंखा किंवा आत साचलेला बर्फ यांवर संशय घ्या. प्लग काढून, दार उघडं ठेवून एक दिवस वितळू द्या, खाली जुने टॉवेल पसरा. चार-सहा दिवस बरा चालून पुन्हा तेच झालं तर डीफ्रॉस्टचा म्हणजे बर्फ वितळवणारा हीटर किंवा सेन्सर बिघडलाय, हे मेकॅनिकला आवर्जून सांगा. साध्या एका दाराच्या फ्रीजमध्ये बर्फाचा थर जाड झाला तरी गारवा कमी होतो. तो सुरीने खरवडू नका. नळीला भोक पडलं तर मग खरोखरच गॅस जातो.

कॉम्प्रेसर (गॅस दाबून फिरवणारी मोटर) अखंड चालू, बाजू गरमच होत नाहीत आणि फ्रीजरच्या एकाच कोपऱ्यात बर्फ, ही गळतीची खूण. कॉम्प्रेसर काही सेकंद घुर्र करून "टक" होत असेल तर त्याला सुरू करणारा रिले, जादा भारापासून वाचवणारा ओव्हरलोड किंवा कमी व्होल्टेज. संध्याकाळीच होत असेल तर आधी व्होल्टेज मोजून घ्या. इन्व्हर्टर कॉम्प्रेसर (गरजेप्रमाणे वेग बदलणारा) मात्र बराच वेळ चालू राहतो, तो त्याचा स्वभावच.

फोन करताना आतल्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर, खरेदीचं बिल आणि वॉरंटी कार्ड हाताशी ठेवा. कॉम्प्रेसरची वॉरंटी बाकीच्या भागांपेक्षा लांब असते. गॅसचं नाव नि ग्रॅममधलं वजनही त्याच स्टिकरवर असतं. आर 600 ए असेल तर तो पेट घेणारा गॅस, म्हणून खिडक्या उघड्या हव्यात आणि देवघरातला दिवा विझलेला हवा. भरण्याआधी गळती कुठे सापडली ते दाखवायला सांगा, नंतर वजनकाट्यावर मोजून भरायला लावा, आणि दोन्ही गोष्टी बिलावर लिहून घ्या.